अठरा नखे आणि चार माणसे

या पानावर आजवर आम्ही भाताच्या करप्यावर लिहिले, जनावरांच्या लाळ्या-खुरकुतावर लिहिले, विहिरीत ब्लीचिंग पावडर केव्हा आणि कशी टाकावी यावरही लिहिले. कुत्र्याच्या नखांवर लिहिण्याची पाळी येईल असे मात्र वाटले नव्हते. "फादरांना आता दुसरा विषय उरला नाही वाटतं," असे काही जण चर्चच्या पायरीवर म्हणतील. म्हणोत. पण आपल्या धर्मग्रामात ज्यांच्या परड्यात कुत्रा नाही अशी घरे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, आणि नखांच्या पायी एका मुलाच्या दंडात सुया टोचाव्या लागल्या, ही गोष्ट आमच्याच अंगणात घडलेली आहे. तेव्हा हा विषय हसण्यावारी नेण्याचा राहिला नाही.

आमचे म्हणणे पहिल्यानेच सांगून टाकतो. नखे कापायची म्हणून कुत्र्याला तिघाचौघांनी आडवे पाडून, तोंडावर पोते टाकून, दाबून धरण्याची जी रीत आपल्याकडे आहे ती बंद झाली पाहिजे. ती क्रूर तर आहेच, पण त्याहून अधिक म्हणजे ती निरुपयोगी आहे. एकदा दाबून धरलेला कुत्रा पुढच्या वेळी दुप्पट जोर करतो आणि त्याच्या पुढच्या वेळी चावतो.

आता नखे वाढतात कशी ते पाहू. कुत्र्याच्या पुढच्या प्रत्येक पायाला बहुधा पाच नखे असतात, चार जमिनीला टेकणारी आणि आतल्या बाजूला जरा वर असलेले अंगठ्याचे एक. मागच्या पायांना चार-चार. अशी झाली अठरा. काही कुत्र्यांना मागच्या पायांवरही अंगठ्याची नखे असतात. असा वीस नखांचा कुत्रा फार शूर असतो असे आपल्याकडे म्हणतात. शौर्याचे आम्हांस ठाऊक नाही, पण ती मागची जादा नखे पुष्कळदा नुसत्या कातड्याला लोंबत असतात आणि कुंपणात किंवा पोत्यात अडकून फाटतात, एवढे खरे.

रानात, रस्त्यावर, जांभ्या दगडावर दिवसभर हिंडणाऱ्या कुत्र्याची नखे आपोआप झिजतात. कापण्याचा प्रश्नच येत नाही. अपवाद फक्त अंगठ्याच्या नखांचा, कारण ती भुईला लागतच नाहीत. नखे वाढतात ती बांधलेल्या कुत्र्याची. त्यातून आपल्या खानापूरकडचा पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अंगण म्हणजे चिखल, आणि कुत्रा गोठ्याच्या कोपऱ्यात गवतावर बसून. झिजणार कशाने? गोठ्यातच उभ्या असलेल्या म्हशीचे खूर वाढतात हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. कुत्र्याचे तेच, फक्त त्याच्याकडे कोणी वाकून पाहत नाही.

नख वाढले की ते उभे राहताना भुईला रेटते आणि बोट वर उचलले जाते. पंजा फाकतो, चाल बदलते, सांधे दुखू लागतात. म्हातारा कुत्रा तर उठेनासा होतो आणि आपण म्हणतो, वय झाले. फरशीवरून चालताना टक् टक् असा आवाज आला, तर नखे वाढली आहेत असे समजावे. अंगठ्याचे नख तर कोयरीसारखे वळत वळत शेवटी मांसात शिरते. तेथे पू होतो, माशा बसतात, आणि पावसाळ्यात माशा बसल्या की पुढे काय होते ते शेतकऱ्याला सांगायला नको.

आमच्या मोतीचे नेमके हेच झाले होते. २०२४ सालचा ऑगस्ट महिना. बिबट्या गावालगत फिरतो म्हणून दोन महिने मोती रात्री आत आणि दिवसाही बांधलेलाच. एके दिवशी तो डावा पुढचा पाय टेकेना. पाहिले तर अंगठ्याचे नख आत रुतलेले. आम्ही ठरविले, आजच सगळी नखे काढून टाकू. हाताशी काय होते? गुलाबाच्या फांद्या छाटायची कात्री. माणसे चौघे. चर्चचा सेवेकरी, त्याचा चौदा वर्षांचा मुलगा, नारळ पाडायला आलेला एक गडी आणि आम्ही स्वतः. डोक्यावर पोते टाकले. गड्याने मानेवर गुडघा ठेवला, सेवेकऱ्याने मागचे पाय धरले, मुलाने पुढचे. कात्री आमच्या हातात होती.

पहिली दोन नखे निघाली. तिसरे नख आम्ही जरा जास्तच मागून कापले, कारण मोती धडपडत होता आणि आम्हांला लवकर संपवायचे होते. रक्ताची चिळकांडी उडाली. मोतीने असा काही आवाज काढला की तो आम्ही पूर्वी कधी ऐकला नव्हता. पोते सरकले, मान सुटली, आणि जो हात सर्वांत जवळ होता तो त्याने धरला. तो हात त्या मुलाचा होता.

पुढचा अर्धा तास आम्ही सविस्तर सांगतो, कारण तेथे आमच्या डोळ्यांदेखत दोन-तीन चुका होता होता राहिल्या. मुलाच्या मनगटाच्या वर चार दात लागले होते आणि रक्त येत होते. मुलाची आजी घरातून चुना आणि तिखट घेऊन धावत आली. शेजारच्या एका भल्या माणसाने जखमेवर घट्ट फडके गुंडाळायला घेतले. तिसऱ्याने सांगितले, घरचाच कुत्रा आहे, काही होत नाही. वर्षातून एकदा वेदीवरून रेबीजविषयी सूचना वाचणारे आम्ही, हातात कात्री घेऊन खुळ्यासारखे उभे. मुलाला नळाखाली नेऊन साबण लावला तो त्याच्या आईने. तिने शाळेतल्या बाईंकडून ऐकले होते, पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचे. तिने घड्याळ लावून धुतले.

हे धुणे म्हणजे वेळकाढूपणा नव्हे, अर्धा उपचार तेथेच होतो. रेबीजचे विष कुत्र्याच्या लाळेतून जखमेत येते आणि साबणाने त्यातले पुष्कळसे तेथेच नष्ट होते. चुना, तिखट, हळद, तेल, कॉफीची पूड यांपैकी काही लावायचे नाही. जखम आवळून बांधायची नाही आणि टाके घालण्याची घाई करायची नाही. धुऊन सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, तेथे लस मोफत मिळते. रक्त आलेले असेल तर नुसत्या लशीवर भागत नाही, जखमेतच आणखी एक औषध टोचावे लागते. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. ते प्रत्येक लहान दवाखान्यात नसते, म्हणून आधी विचारून मोठ्या रुग्णालयात जावे. आमच्या मुलाला त्यासाठी बेळगावला न्यावे लागले. त्यानंतर लशीच्या सुया कातडीत, त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पोटात चौदा सुया हा जुना काळ केव्हाच संपला. त्या भीतीने अजूनही कोणी घरी बसत असेल तर ती भीती सोडून द्यावी.

आणखी एक गोष्ट आम्हांला डॉक्टरांनी सांगितली, ती नखांच्याच संबंधाची आहे. नुसता ओरखडा असला तरी तो दाखवावा लागतो. कुत्रा आपले पंजे चाटतो, लाळ नखांवर असते. कातडीवर रक्त न येता ओरखडा उठला तरी लस घ्यावी लागते, आणि रक्त आले तर तो चाव्याइतकाच गंभीर धरतात. मुलांच्या अंगावर उड्या मारणारा लांब नखांचा कुत्रा प्रेमळ असला तरी त्याचे ओरखडे प्रेमळ नसतात.

मोतीला वेळच्या वेळी लस दिलेली असती तर आमची झोप इतकी उडाली नसती. वर्षाला एकदा द्यावयाची लस, आणि मोतीच्या कार्डावरची शेवटची तारीख दोन वर्षांपूर्वीची निघाली. हे आम्ही लिहून ठेवतो, कारण कार्ड आमच्याच टेबलाच्या खणात होते. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते. रेबीज असेल तर तेवढ्या अवधीत कुत्रा आजारी पडून मरतो. धडधाकट राहिला तर चावतेवेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हते असे धरतात. म्हणून चावलेला कुत्रा मारून टाकू नये आणि रानात सोडूनही देऊ नये. त्याला मारले तर काय पाहणार? आणि लस मात्र दहा दिवस थांबून नव्हे, त्याच दिवशी सुरू करायची.

ते दहा दिवस आम्ही रोज सकाळी मिस्सा झाली की आधी गोठ्याकडे जात होतो. मोती पाणी पितो का, आवाज बदलला का, लाळ गळते का. मुलगा मात्र शाळेत जात होता. दोघातिघांनी येऊन सांगितले, "फादर, गोळी घालून मोकळे व्हा, चावरा कुत्रा कशाला ठेवायचा?" मुलाच्या बापाला आम्ही विचारले. तो म्हणाला, "कुत्र्यानं काय केलं, फादर? आपण चौघांनी धरलं म्हणून चावला. मला चौघांनी मान दाबून धरलं तर मी काय करीन?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. मोती धडधाकट राहिला. अकराव्या दिवशी त्याला लस टोचली.

पायात रुतलेल्या नखाचे काय केले, असे कोणी विचारील. दुसऱ्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी गुंगीचे इंजेक्शन दिले, नख कापून काढले, जखम धुतली. अर्ध्या तासाचे काम. पहिल्या दिवशीच हे सुचले असते तर या लेखाची गरज नव्हती. नख मांसात गेले असेल, तुटून लोंबत असेल किंवा पायाला सूज असेल, तर घरी हात लावू नये. त्याचबरोबर, कुत्रा शांत व्हावा म्हणून माणसांच्या झोपेच्या गोळ्या, दुखण्याच्या गोळ्या किंवा दारू त्याला पाजू नये. गोव्याकडच्या बाजूला थोडी फेणी पाजून नखे काढल्याचे एकाने आम्हांस मोठ्या कौतुकाने सांगितले. दारू कुत्र्याला विष आहे, आणि आपल्याकडच्या साध्या तापाच्या गोळीनेही त्याचे यकृत बिघडू शकते.

आता एक आक्षेप. आमचे एक ज्येष्ठ शेतकरी बंधू म्हणाले, "बैलाला पत्र्या मारताना आम्ही दोर टाकून पाडतोच की. संध्याकाळी तोच बैल वैरण खातो. कुत्र्याचे एवढे कसले लाड?" आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण बैलाला पाडणारा माणूस पिढीजात कसबी असतो, त्याला दोर कोठे टाकायचा ते माहीत असते, पत्री जिवंत मांसात जात नाही, आणि बैलाला वरचे पुढचे दात नसतात. शिवाय बैल पोराबाळांच्या मांडीवर डोके ठेवून निजत नाही. कुत्रा निजतो. ज्या घरात त्याला आपण सोडतो त्या घरातल्या हाताची त्याला भीती बसली, तर ती भीती एके दिवशी सर्वांत लहान मुलाच्या अंगावर निघते.

भीती कोठून येते तेही समजून घेतले पाहिजे. नखाच्या आत जिव्हाळी असते. तिच्यात रक्तवाहिनी आणि शिरा असतात. आपल्याही नखाखाली सूळ गेली म्हणजे कसे होते ते आठवावे. पांढऱ्या नखात जिव्हाळी गुलाबी दिसते, नख उजेडापुढे धरले तर स्पष्टच दिसते. काळ्या नखात काही दिसत नाही, आणि आपल्याकडची बहुतेक कुत्री काळ्या नखांची. म्हणून काळे नख एकदम कापायचे नाही. टोकाकडून तांदळाच्या दाण्याएवढे बारीक काप घ्यायचे आणि प्रत्येक कापानंतर कापलेल्या जागी पाहायचे. मधोमध करडा किंवा काळा ठिपका दिसू लागला की थांबायचे, जिव्हाळी जवळ आली. फार वाढलेल्या नखात जिव्हाळीही लांबलेली असते, म्हणून पहिल्याच दिवशी ते आखूड करता येणार नाही. थोडे थोडे वरचेवर कापत गेले की जिव्हाळी मागे सरते. यात घाई करणाऱ्याच्या हाती रक्त लागते, दुसरे काही नाही.

रक्त आलेच तर घाबरू नये. तुरटीची बारीक पूड नखाच्या टोकाला लावून स्वच्छ फडक्याने काही मिनिटे दाबून धरावे. तुरटी नसली तर कॉर्नफ्लॉवर किंवा मैदा चालतो. त्या दिवशी पुढचे काम बंद, आणि कुत्र्याला चिखलात सोडू नये.

हत्याराविषयी एवढेच, की गुलाबाची कात्री नको, माणसांचा लहान नेलकटरही नको. दोन्ही नख चिरडतात. कुत्र्याच्या नखांची पकडीसारखी कात्री बेळगावात जनावरांच्या औषधांच्या दुकानांत मिळते, फार महाग नसते, आणि पाच-सहा घरांनी मिळून एक घेतली तरी पुरते. धार मात्र हवी. बोथट कात्री न कापता दाबते, आणि कुत्र्याला दुखते ते त्या दाबाने.

आता ज्याला कात्री पाहताच कापरे भरते अशा कुत्र्याचे काय करायचे? मोती अंगणाच्या फाटकाची कडी वाजली तरी थरथरत असे, कारण तोही लोखंडाचाच आवाज. येथे आम्हांस एका शास्त्रज्ञाची आठवण झाली. रशियातील पावलॉव्ह. पचनाच्या शोधांबद्दल १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे गृहस्थ धर्मगुरूचे पुत्र, आणि तरुणपणी सेमिनरीत शिकलेले. पुढे ती वाट सोडून ते शास्त्राकडे वळले, हे आम्ही जरा खेदानेच लिहितो. अन्नाच्या आधी ठराविक खूण वारंवार दिली की पुढे नुसत्या त्या खुणेने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवून दिले. आपण घरोघरी याच्या उलट करीत असतो. कात्री दिसली की दुखते, हे आपणच त्याला शिकवितो. तेव्हा कात्री दिसली की काहीतरी चांगले मिळते, हेही आपणच शिकविले पाहिजे.

हे मोतीला शिकविले त्या मुलाने. हाताला पट्टी असतानाच एके संध्याकाळी तो भाकरीचे तुकडे घेऊन गोठ्यात जाऊन बसला. आम्ही रागावलो. तो म्हणाला, "फादर, मी काही करीत नाही, नुसता बसतो." चार दिवस तो नुसता बसला. मग खांद्यावर हात ठेवी आणि लगेच एक तुकडा देई. आधी हात, मग तुकडा. हा क्रम महत्त्वाचा आहे. तुकडा आधी दाखविला तर कुत्र्याला तुकडाच संशयास्पद वाटू लागतो. आठवडाभराने हात खांद्यावरून गुडघ्यापर्यंत, मग पंज्यापर्यंत. पंजा धरायचा तो एक क्षणभर. कुत्र्याने पाय ओढला तर सोडून द्यायचा, मागे लागायचे नाही. पाय ओढला तरी तो सुटतो हे कळले की कुत्रा ओढणेच कमी करतो, ही गोष्ट आम्हांला पटायला वेळ लागला.

कात्री प्रथम नुसती भुईवर ठेवली. तिच्याजवळ मोती आला की तुकडा. मग कात्रीने वाळकी काडी कापायची, कट्ट असा आवाज झाला की तुकडा. ही काडी कापण्याची युक्ती फार उपयोगाची आहे, कारण पुष्कळ कुत्र्यांना दुखण्याइतकीच त्या आवाजाची भीती असते. मग कात्री नखाला नुसती टेकवायची. आणि एके दिवशी एकाच नखाचे एकच टोक. त्या दिवशी भाकरीऐवजी उकडलेल्या अंड्याचा तुकडा होता. सुक्या मासळीचे डोके, कोंबडीच्या काळजाचा लहान तुकडा, काहीही चालेल. फक्त नाताळचा केक नको. त्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे बिघडवतात, द्राक्षेही तशीच.

या सर्व काळात कुत्र्याच्या तोंडाकडे पाहत राहावे. तो ओठ चाटू लागला, झोप नसताना जांभई दिली, तोंड फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरे दाखवीत पाहू लागला, अंग ताठ केले, तर तो सांगतो आहे की आजच्यापुरते पुरे. गुरगुरला तर त्याला मारू नये. गुरगुरणे म्हणजे चावण्याच्या आधीची सूचना आहे. मार खाऊन जो कुत्रा गुरगुरणे सोडतो तो सूचना न देता चावतो. मुसके बांधायचे असेल तर तेही असेच हळूहळू सवय लावून बांधावे, पाच मिनिटांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि उन्हात तर मुळीच नाही. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो तोंड उघडून धापा टाकूनच अंग निववितो.

"फादर, नट्टीच्या दिवसांत एवढा वेळ कोणाला आहे?" हा प्रश्न आम्हांला अपेक्षितच आहे. वेळ लागतो दिवसाला दोन मिनिटे. चौघांनी कामधाम सोडून एक सकाळ घालविण्यापेक्षा ते पुष्कळ कमी. रोज एक नख कापले तर अठरा दिवसांत फेरी पूर्ण होते आणि महिन्याचे बारा दिवस सुट्टीचे उरतात. संध्याकाळी रानातून आल्यावर कुत्राही थकलेला असतो, आपणही पडवीत बसलेलो असतो. हे काम घरातल्या थोरल्या मुलाला द्यावे, पण जवळ कोणी मोठे माणूस असल्याशिवाय नको.

ज्यांच्या कुत्र्याला कात्री अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी आणखी एक उपाय आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद फळी घ्यावी. सुताराकडचा जाडसर पॉलिश पेपर तिच्यावर डिंकाने चिकटवावा. फळी तिरपी धरून तिच्यावर तुकडा ठेवून वर हात झाकावा. कुत्रा पंज्याने खरवडतो. खरवडले की तुकडा द्यायचा. थोड्याच दिवसांत तो फळी दिसताच स्वतः खरवडू लागतो आणि पुढची नखे झिजतात. पंजाच्या गादीला लागून रक्त येत नाही ना, एवढे पाहावे. मधली नखे लवकर झिजतात, कडेची कमी. अंगठ्याचे नख मात्र कात्रीनेच कापावे लागते, त्याला फळी लागत नाही.

पण या सगळ्याच्या आधीचा प्रश्न साखळीचा आहे. तो आम्ही मुद्दाम मागे ठेवला, कारण येथे पुष्कळांचे तोंड वाकडे होते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० सालापासून आहे. आखूड किंवा जड साखळीने जनावर गैरवाजवी वेळ बांधून ठेवणे, आणि सदा बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, हे दोन्ही त्यात गुन्हे म्हणून लिहिलेले आहे. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? आम्हांलाही २०२४ पर्यंत माहीत नव्हते. रानडुकरे रताळ्यांचे रान उकरतात तेव्हा रात्री कुत्रा हवा असतो, बिबट्या येतो तेव्हा तोच कुत्रा आत घ्यावा लागतो, ही अडचण खरी आहे. ती आम्ही नाकारीत नाही. पण दिवसा तरी दोन खांबांत जाड तार ताणून तिच्यात कडी अडकवावी आणि कडीला साखळी. कुत्रा चाळीस-पन्नास फूट येरझारा घालू शकतो. त्याच्या वाटेवर चार खडबडीत जांभे दगड किंवा सिमेंटचा पट्टा टाकावा. सकाळी दूध घालायला जाताना त्याला डांबरी रस्त्यावरून न्यावे, दुपारी नेऊ नये, गादी भाजते. एवढे केल्यास अर्धी नखे कापावीच लागत नाहीत.

धर्माच्या बाजूने दोन शब्द. १९९२ साली मंजूर झालेल्या ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझममध्ये प्राण्यांविषयी दोन गोष्टी एकाच परिच्छेदात सांगितल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण वेदना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, ही एक. आणि जो पैसा आधी माणसांच्या दुःखनिवारणासाठी खर्चावयास हवा तो प्राण्यांवर उधळणेही योग्य नव्हे, ही दुसरी. शहरात कुत्र्याच्या नखांना रंग लावतात असे ऐकतो. तसले काही आम्ही सुचवीत नाही. भाकरीचा तुकडा, पाच घरांत मिळून एक कात्री आणि वर्षाला एक लस, यात कोणाचा घास हिरावला जात नाही. संत रॉकच्या मूर्तीच्या पायाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा आपण १६ ऑगस्टला पाहतो. तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबियासच्या प्रवासात देवदूताबरोबर एक कुत्राही निघतो. त्या कुत्र्याला ग्रंथात काहीच काम दिलेले नाही, तो नुसता बरोबर चालतो. सेमिनरीत आम्हांला याचे नवल वाटत असे.

मोतीची पहिली संपूर्ण फेरी पुरी व्हायला सात आठवडे लागले. मुलाच्या हातावर चार पांढरे डाग राहिले आहेत. मोती आता त्याच्यापुढे आपण होऊन बसतो आणि डावा पंजा देतो, उजवा द्यायला अजून जरा कुरकुर करतो. आमच्या हातून मात्र तो आजही नख कापू देत नाही. आम्ही कात्री घेतली की उठून गोठ्यामागे जातो. त्यामुळे कात्री मुलाकडे असते आणि भाकरीचे तुकडे धरून बसण्याचे काम आमच्याकडे.